तळटीप १२ : नजर पैसेवारी

चांगल्या पिकाचा रुपया धरला, तर देगलूरच्या शिवारात उभं असलेलं सोयाबीन किती पैशांचं, हा गावच्या समितीने नुसत्या नजरेने बांधलेला अंदाज. जुनी माणसं अजून ‘आणेवारी’च म्हणतात. पुढे निवडक तुकड्यांतलं पीक कापून, मळून, तोलून अंतिम आकडा ठरतो. गाव पन्नास पैशांखाली गेलं, की टंचाईच्या सवलती : जमीन महसुलात सूट, मुलांना परीक्षा शुल्कमाफी. पण अठ्ठेचाळीस आणि बावन्न पैशांच्या रानांत शेतकऱ्याला कसला फरक दिसणार? लोत्फी झादे यांनी १९६५ साली मांडलेल्या ‘फझी’ संचांत अशी एका रेघेवर तोड नसते, गाव ०.६ इतकंही दुष्काळी असू शकतं. सवलतही त्याच मापाने मिळावी, असं आम्हाला ठामपणे वाटतं. —संपा.