द्वारपंडित आणि उपसंपदापेक्ख : प्रवेशाच्या प्रतीक्षेचा एक प्राचीन इतिहास

दरवर्षी बारावीचे निकाल लागले, की आपल्या वस्त्यांमधील अनेक घरांत प्रतीक्षेचे दिवस सुरू होतात. अर्ज भरून झालेले असतात, प्रवेश-परीक्षा होऊन गेलेली असते. नामांकित महाविद्यालयाची गुणवत्ता यादी मात्र लागायची असते. मुलगा किंवा मुलगी जेवते-खाते, पण लक्ष कशातच नसते. आईवडिलांना विचारावेसे वाटते आणि विचारवत नाही. अशा वेळी सत्कार-समारंभांतून नालंदेचा दाखला हमखास दिला जातो. नालंदेच्या द्वारी आलेल्या दहांपैकी सात-आठ जणांना परत फिरावे लागे. तेव्हा कठोर निवड ही आपलीच परंपरा आहे, असे वक्ते सांगतात. हे विधान अर्धे खरे आहे. त्याचा दुसरा अर्धा भाग नालंदेच्या कित्येक शतके आधी सुरू झालेल्या विनयाच्या परंपरेत आहे. त्या दोन्ही भागांचा एकत्र विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नालंदेचे द्वार

नालंदेच्या प्रवेशाची माहिती आपल्याला मुख्यतः युआन श्वांग या चिनी भिक्खूच्या प्रवासवृत्तातून मिळते. त्याचा प्रवास इ.स. ६२९ ते ६४५ या काळात झाला आणि त्यातील बराच काळ त्याने नालंदेत आचार्य शीलभद्र यांच्यापाशी अध्ययनात घालविला. तो सांगतो, की बाहेरून येऊन तेथील वादचर्चांत भाग घेऊ इच्छिणाऱ्याला द्वारपाल आधी कठीण प्रश्न विचारीत असे. अनेकांना उत्तरे देता येत नसत व ते माघारी जात. जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रकारच्या ग्रंथांचा सखोल अभ्यास असल्याखेरीज आत जाता येत नसे. न टिकणाऱ्यांचे प्रमाण दहांत सात-आठ असल्याचे त्यानेच नोंदविले आहे.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. ही परीक्षा शिक्षणाच्या आरंभी घेतली जाणारी परीक्षा नव्हती. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात सुमारे दहा वर्षे नालंदेत राहिलेल्या इत्सिंगने भारतातील अध्ययनक्रम सविस्तर दिला आहे. त्याच्या वर्णनाप्रमाणे मूल सहाव्या वर्षी अक्षरओळखीला बसे, पुढे अनेक वर्षे व्याकरण शिके, मग न्याय व अभिधर्म यांकडे वळे; आणि एवढे झाल्यावर दोन-तीन वर्षांसाठी मध्यदेशातील नालंदेला किंवा पश्चिमेकडील वलभीला जाई. ज्यांना भिक्खू व्हायचे आहे असे बालविद्यार्थी, तसेच केवळ लौकिक विद्या शिकण्यासाठी आलेले विद्यार्थी विहारांतून राहत असत, हेही तो सांगतो. त्यांना स्वतःचा निर्वाह स्वतः करावा लागे, एवढेच.

म्हणजे नालंदेचे द्वार कठोर होते, परंतु त्या द्वारापर्यंत पोहोचविणारे असंख्य विहार देशभर उघडे होते. परत फिरलेल्या माणसाला जाण्यासाठी जागा होती. आजच्या निवडीचा आणि नालंदेच्या निवडीचा मेळ घालताना हा फरक विसरला जातो. ज्याला पहिल्या पायरीपासून चांगली शाळा मिळाली नाही, त्याच्यापुढे एकदम शेवटचे द्वार उभे करायचे आणि नालंदेचे नाव सांगायचे, हे इतिहासाला धरून नाही.

पुढे विक्रमशीला महाविहारात सहा द्वारपंडित असल्याची हकिकत तिबेटी इतिहासकार तारानाथ देतो. रत्नाकरशांती, नारोपा, ज्ञानश्रीमित्र यांच्यासारखे प्रकांड विद्वान त्या पदावर होते. ते प्रवेशेच्छूंची परीक्षा घेत की अन्य मतांच्या वादींना उत्तरे देत, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. काही असले, तरी आपल्या श्रेष्ठतम विद्वानाला द्वारावर बसवावे, असे त्या संस्थेला वाटले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

राधाची कथा

आता विनयपिटकाकडे वळू. संघप्रवेशाचा सर्वांत जुना आणि तपशीलवार वृत्तांत महावग्गात येतो. आरंभी तथागत स्वतः प्रव्रज्या देत. नंतर त्रिशरण घेऊन उपसंपदा देण्याची अनुज्ञा भिक्खूंना मिळाली. ही पद्धत बदलून संघाच्या संमतीची पद्धत का आली, याचे कारण म्हणून महावग्ग एका प्रतीक्षा करणाऱ्या माणसाची कथा देतो.

राधा नावाच्या ब्राह्मणाने भिक्खूंकडे प्रव्रज्या मागितली. भिक्खू द्यायला तयार नव्हते. ती मिळत नाही या दुःखाने तो कृश झाला, निस्तेज झाला, त्याच्या अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. तथागतांनी त्याला पाहिले आणि त्याची अशी अवस्था का झाली, ते विचारले. कारण कळल्यावर त्यांनी भिक्खूंना प्रश्न केला : या माणसाने केलेले एखादे सत्कृत्य कोणाला आठवते काय? सारिपुत्ताने सांगितले, की राजगृहात भिक्षाटन करताना या ब्राह्मणाने आपल्याला पळीभर अन्न दिले होते. तथागतांनी सारिपुत्ताच्या कृतज्ञतेची प्रशंसा केली व त्यालाच राधाला उपसंपदा देण्यास सांगितले. त्याच प्रसंगी त्रिशरणाने उपसंपदा देण्याची पद्धत रद्द होऊन ञत्तिचतुत्थकम्म, म्हणजे एकदा प्रस्ताव व तीनदा उद्घोषणा करून संघाची संमती घेण्याची पद्धत, सुरू झाली.

राधाच्या बाबतीत तथागतांनी पात्रतेचा विचार टाळला नाही. त्यांनी पात्रतेचा पुरावा शोधला, आणि तो शोधण्याचे काम संघाकडे सोपविले. स्वतःची बाजू मांडण्याचे त्राण राधात उरले नव्हते. दुसऱ्या कोणाला तरी त्याचे चांगले आठवावे लागले.

उमेदवाराचे भय

संघापुढे उभ्या राहिलेल्या उमेदवाराला विनयात उपसंपदापेक्ख म्हणतात. उपसंपदेची अपेक्षा करणारा, असा त्याचा सरळ अर्थ. त्याला अन्तरायिक धम्मांविषयी, म्हणजे प्रवेशाच्या आड येणाऱ्या गोष्टींविषयी, प्रश्न विचारले जात : कुष्ठ, क्षय, अपस्मार इत्यादी पाच व्याधींपैकी काही आहे काय? तू मनुष्य आहेस, पुरुष आहेस काय? तू स्वतंत्र आहेस, ऋणमुक्त आहेस, राजाच्या सेवेत नाहीस ना? आईवडिलांची अनुज्ञा आहे काय? वीस वर्षे पूर्ण झाली आहेत काय? पात्र आणि चीवर तयार आहे काय? नाव काय, आणि उपाध्यायाचे नाव काय? या संपूर्ण प्रश्नावलीत उमेदवाराचा वर्ण किंवा जात विचारणारा एकही प्रश्न नाही.

हे प्रश्न भर सभेत अकस्मात विचारले जाऊ लागले, तेव्हा उमेदवार गोंधळून जात, ओशाळत. त्यांना उत्तर देता येत नसे. महावग्गाने ही गोष्ट स्पष्ट शब्दांत नोंदविली आहे. त्यावर तथागतांनी उमेदवाराला दोष दिला नाही, नियम बदलला. आधी समजावून सांगावे, मग विचारावे, असे ठरले. भिक्खू संघाच्या मध्यभागीच समजावून सांगू लागले; उमेदवार पुन्हा तसेच ओशाळू लागले. तेव्हा त्याला एका बाजूला नेऊन समजावून सांगण्याचा नियम झाला. पुढे अजाण भिक्खू हे काम करू लागल्याने पुन्हा तोच प्रकार घडला. तेव्हा समर्थ आणि संघाने नेमलेल्या भिक्खूनेच अनुशासन करावे, असा दंडक घातला गेला. त्याने उमेदवाराला त्याचे पात्र व चीवरे दाखवून द्यावीत, कोणते प्रश्न येणार आहेत ते आधीच सांगावे, जे असेल ते खरे सांगण्यास सांगावे आणि गोंधळू नकोस, ओशाळू नकोस, असा धीर द्यावा. मग स्वतः पुढे जाऊन उमेदवाराची तयारी झाल्याचे संघाला कळवावे आणि त्याला बोलवावे.

एका लहानशा विधीच्या संदर्भात तीन वेळा दुरुस्ती झाली, आणि तिन्ही वेळा कारण एकच होते : दारात उभ्या असलेल्या माणसाची भीती. प्रवेश घेणाऱ्याच्या मनःस्थितीची इतकी बारकाईने दखल घेऊन त्यावर नियम करणारी याहून प्राचीन संस्था माझ्या पाहण्यात नाही.

सोणाची तीन वर्षे

दुसरा प्रसंग आपल्या प्रदेशाला जवळचा आहे. महाकच्चान हे अवन्ती देशात राहत असत. सोण कुटिकण्ण हा त्यांचा उपासक उपसंपदेची इच्छा धरून होता. नियमाप्रमाणे उपसंपदेसाठी दहा भिक्खूंचा संघ आवश्यक होता. परंतु अवन्ती-दक्षिणापथात भिक्खू थोडे होते. दहा जण जमविता जमविता तीन वर्षे गेली. सोणाची पात्रता पूर्ण होती. कमतरता होती ती त्याच्या प्रदेशात.

उपसंपदा झाल्यावर सोण श्रावस्तीला गेला व गुरूंच्या वतीने त्याने ही अडचण तथागतांपुढे मांडली. तथागतांनी प्रत्यन्त जनपदांसाठी नियम शिथिल केला : तेथे विनयधरासह पाच भिक्खूंचा संघ पुरेसा ठरला. मध्यदेशाचा दहाचा नियम तसाच राहिला. ज्या भागात साधने अपुरी आहेत त्या भागातील उमेदवाराला साधनसंपन्न भागाच्या मोजमापाने अडवून ठेवणे न्याय्य नाही, हे तत्त्व येथे स्पष्टपणे मान्य झाले आहे. या सवलतीने उपसंपदेचा दर्जा कमी झाला, असे कोणीही म्हटले नाही.

परंपरेच्या मर्यादा

या परंपरेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दास, ऋणको व राजसैनिक यांना संघप्रवेश नव्हता. सैनिक प्रव्रजित होऊ लागले, तेव्हा बिंबिसार राजाकडून तक्रार आली आणि हा निर्बंध घातला गेला, असे महावग्ग सांगतो. राज्यसत्ता आणि धनसत्ता यांच्याशी संघाला करावी लागलेली ती तडजोड होती. दासाला दास्यातून मुक्त होऊनच यावे लागे. त्याला मुक्त करणारी शक्ती संघाच्या हाती नव्हती.

महाप्रजापती गौतमीचा प्रसंग तर सर्वपरिचित आहे. कपिलवस्तूत तीनदा नकार मिळाल्यावर ती वैशालीपर्यंत चालत गेली आणि सुजलेल्या पायांनी, धुळीने माखलेल्या अंगाने महावनातील विहाराच्या द्वारकोष्ठकाबाहेर रडत उभी राहिली. आनंदाने मध्यस्थी केली आणि द्वार उघडले, पण आठ गरुधम्मांच्या अटीवर. या अटींच्या प्रामाण्याविषयी विद्वानांनी शंका घेतल्या आहेत. तरीही द्वाराबाहेर उभी असलेली ती स्त्री आपल्या इतिहासातून पुसली जात नाही.

याच्या उलट उपाली नापिताची कथा. शाक्यकुमार त्याच्यासह प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा आपला कुलाभिमान उतरावा म्हणून उपालीला आधी प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती त्यांनीच केली. ज्येष्ठता प्रवेशाच्या क्रमाने ठरत असल्याने त्यांना उपालीला वंदन करावे लागे. हाच उपाली पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उपाली व सुनीत यांच्या धम्मप्रवेशाला स्वतंत्र स्थान दिले, ते उगीच नव्हे.

मिलिंद आणि नागसेन

बाबासाहेबांना बंद द्वाराचा अनुभव विद्यार्थिदशेतच आला होता. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही अस्पृश्य म्हणून शाळेत ती नाकारली गेली व त्यांना फारसी घ्यावी लागली. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. उच्च शिक्षणाच्या सोयी तुटपुंज्या असलेल्या मराठवाड्यात, त्या वेळच्या औरंगाबादेत, १९५० साली निघालेले महाविद्यालय पुढे मिलिंद या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याचा परिसर नागसेनवन झाला. सोणाच्या प्रदेशाला जे पाच भिक्खूंच्या नियमाने मिळाले, ते मराठवाड्याला या महाविद्यालयाने मिळाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मिलिंद हे नाव अर्थपूर्ण आहे. मिलिन्दपञ्हात राजा संवादाची इच्छा व्यक्त करतो, तेव्हा नागसेन त्याला पंडितांचा वाद आणि राजांचा वाद यांतील भेद सांगतो. पंडितांच्या वादात चूक दाखविली जाते, ती मान्य केली जाते, आणि कोणी कोपत नाही. राजा मात्र न पटणारे बोलणाऱ्याला दंड करतो. परीक्षकाने कोणाच्या रीतीने प्रश्न विचारावेत, याचा हा निर्णय आहे.

त्याच ग्रंथात नागसेनाच्या स्वतःच्या प्रवेशाची कथा आहे. त्याला संघात आणण्यासाठी रोहण स्थविर त्याच्या पित्याच्या दारी सात वर्षे दहा महिने भिक्षेला जात राहिले. तेवढ्या काळात त्यांना पळीभर भातही मिळाला नाही. येथे प्रतीक्षा विद्यार्थ्याने केली नाही. एका होतकरू मुलासाठी संघाने त्याच्या दारात उभे राहून केली.

आज काय करावे

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष असा, की द्वारावर परीक्षा असण्याला बौद्ध परंपरेची हरकत नाही. परंतु त्या द्वारी उभ्या असलेल्या माणसाची तयारी, त्याचे भय आणि त्याचे पुढे काय होते, यांची जबाबदारी परंपरेने समूहावर टाकली आहे. नालंदेची कठोरता तेवढी घ्यायची आणि महावग्गातील ही जबाबदारी सोडून द्यायची, असे आपल्याला करता येणार नाही.

आपल्या गावोगावच्या विहारांनी हे काम अंगावर घेतले पाहिजे. संघ जसा समर्थ भिक्खूला अनुशासनासाठी नेमीत असे, तसे प्रत्येक विहाराने एक-दोन जाणत्या माणसांना नेमावे. जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज ही आजच्या उमेदवाराची पात्र-चीवरे होत. ती यादी लागण्याच्या किती तरी आधी त्याच्या हाती असली पाहिजेत. मुलाखतीत काय विचारतात, पसंतीक्रम कसा भरावा, हे ज्यांना घरात सांगणारे कोणी नाही, त्यांना बाजूला बसवून सांगितले पाहिजे. ओशाळू नकोस, हे वाक्यही कोणी तरी त्यांना म्हटले पाहिजे.

आणि यादीत ज्यांचे नाव येणार नाही, त्यांची संख्या येणाऱ्यांपेक्षा नेहमीच मोठी असणार. यशस्वी विद्यार्थ्यांच्या सत्काराची पत्रिका छापताना आपण त्यांच्या घरी जात नाही. राधाला पाहून तथागतांनी पहिल्यांदा त्याच्या कृश होण्याचे कारण विचारले होते. यादी लागल्याच्या संध्याकाळी विहारातून दोन माणसे निघावीत आणि ज्या घरात दिवा उशिरा लागला असेल त्या घरी आधी जावे, एवढे तरी आपल्याला करता येण्यासारखे आहे.