सर्व्हरमध्ये हार्ड डिस्क आणि केबल्स कशा लावतात? जाणून घ्या सविस्तर

आपल्या फोनमधलं स्टोरेज म्हणजे बोर्डवर सोल्डर केलेली एक चिप. ती बदलायचा विचारही आपण करत नाही. सर्व्हरमध्ये मात्र डिस्क काढता-घालता येतात, पुष्कळदा मशीन चालू असतानाच. पण कुठली डिस्क कुठल्या केबलवर आहे हे माहीत नसेल, तर हीच सोय सगळा डेटा घालवू शकते. म्हणून आज छोट्या ऑफिसमधला चार डिस्कचा सर्व्हर उदाहरण म्हणून घेऊ.

आधी केबल ओळखा

डिस्क मुख्यतः दोन प्रकारच्या: साटा आणि सॅस. सॅस कंट्रोलरवर साटा डिस्क चालते, उलट मात्र नाही. सॅस डिस्क साध्या साटा पोर्टला बसतच नाही, खाच भरलेली असते. साटा डेटा केबल १ मीटरपेक्षा लांब नसावी. वेगाचं म्हणाल, तर साटा ३ वरून सेकंदाला सुमारे ६०० एमबी जाऊ शकतात आणि फिरणारी हार्ड डिस्क २५० च्या आसपासच थकते. त्यामुळे अशा डिस्कसाठी महागड्या ‘फास्ट’ केबलवर पैसे घालवू नका.

चार डिस्कसाठी चार वेगळ्या वायरींऐवजी अनेकदा एसएफएफ-८०८७ ही एकच जाड केबल येते. तिच्या एका टोकाला मिनी सॅस कनेक्टर, दुसऱ्या टोकाला चार साटा. आता खरी गंमत बघा. ही केबल फॉरवर्ड आणि रिव्हर्स अशा दोन प्रकारांत मिळते आणि दोन्ही दिसायला सारख्याच! कंट्रोलरकडून थेट डिस्ककडे जायचं असेल तर फॉरवर्ड. मदरबोर्डच्या चार साटा पोर्टांपासून बॅकप्लेनकडे, म्हणजे डिस्क ज्यात खटकन बसतात त्या बोर्डकडे, जायचं असेल तर रिव्हर्स. चुकीची लावली तर काही जळत नाही, फक्त डिस्क दिसत नाहीत आणि माणूस उगाच डिस्कलाच दोष देत बसतो.

नवी मोठी डिस्क फिरतच नसेल तर पॉवर केबलकडेही बघा. काही नव्या डिस्कमध्ये पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंदच राहते. जुने पॉवर सप्लाय तिथे नेमके तेवढेच व्होल्ट देतात.

नंबर आणि लेबल

समजा ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये लावल्या. वापरायला १२ टीबी मिळतात आणि एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. पण ती बदलताना चुकून चांगली डिस्क ओढली, तर दोन डिस्क गेल्यासारखं होऊन सगळा अ‍ॅरे बंद पडतो. डेटा परत मिळेलच याची खात्री कोणी देत नाही.

आणि हे घडायला फार काही लागत नाही. पुष्कळ मदरबोर्डवर पोर्टांचे नंबर ० पासून सुरू होतात, तर समोरच्या खणांवर १ पासून. लिनक्समधली एसडीए, एसडीबी ही नावं तर रीस्टार्टनंतर बदलूही शकतात, त्यांच्या भरवशावर डिस्क ओढायची नाही. मी प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर ट्रेच्या दर्शनी बाजूला चिकटवतो आणि केबलच्या दोन्ही टोकांना खणाचा नंबर लिहितो. नुसता मार्कर पुसला जातो, म्हणून वरून पारदर्शक टेप. कंट्रोलरमध्ये ‘लोकेट’ची सोय असेल तर त्या खणाचा दिवा लुकलुकवून बघा, मगच हात लावा.

डिस्क बदलण्याआधी स्मार्ट रिपोर्टही उघडा. त्यातला १९९ नंबरचा आकडा, म्हणजे सीआरसी एरर, वाढत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर दोष बहुतेक केबलचा किंवा ढिल्या कनेक्टरचा असतो. केबल बदलून दोन-चार दिवस तो आकडा बघा. जुना आकडा शून्य होत नाही, तो फक्त वाढायचा थांबला पाहिजे.

रेड ५ म्हणजे बॅकअप नव्हे, बरं का. चुकून डिलीट केलेली फाइल ती चारही डिस्कवरून एकदमच जाते. त्यामुळे झाकण उघडण्याआधी एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातली एखादी फाइल उघडून बघा.