रवा-शुद्धीकरण यंत्र

गव्हाच्या भरडीतून मिळणाऱ्या रव्यातील कोंड्याचे बारीक कण वेगळे करणारे यंत्र. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात वसंतात पेरल्या जाणाऱ्या गव्हाचा दाणा कठीण, पण त्याची साल ठिसूळ असते. जात्यात सालीचा चुरा होऊन तो पिठात मिसळे; त्यामुळे पीठ काळपट दिसे व त्यास भाव कमी येई. दाण्यातील ग्लुटेनयुक्त सकस भाग मात्र रव्यात राही. १८७०-७१ च्या सुमारास एडमंड ला क्रॉय या फ्रेंच तंत्रज्ञाने मिनीॲपोलिस येथील वॉशबर्न गिरणीत हे यंत्र बसविले. पुढे जॉर्ज टी. स्मिथ यांनी त्यात सुधारणा केल्या. यात रवा उतरत्या, हलत्या रेशमी चाळणीवर सोडीत व खालून हवेचा झोत देत. हलका कोंडा उडून जाई, जड रवा चाळणीतून खाली पडे व तो पुन्हा दळला जाई. या पांढऱ्याशुभ्र पिठामुळे वसंती गव्हास चांगला भाव मिळू लागला.

तथापि झोताबरोबर पिठाची ज्वालाग्राही धूळही गिरणीत पसरे. २ मे १८७८ रोजी वॉशबर्न ‘ए’ गिरणीत अशा धुळीचा स्फोट होऊन १८ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर पुन्हा उभारलेल्या गिरणीत धूळ ओढून घेणारी योजना करण्यात आली. धान्य शुद्ध करण्याइतकेच गिरणीतील हवा शुद्ध राखणेही आवश्यक असते, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.