नासले, विटले, आंबले : नाशवंताच्या शब्दांचा अभ्यास

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत ‘नाशवंत’ या शब्दापुढे ‘नश्वर, क्षणभंगुर, विनाशी’ असे समानार्थी शब्द ओळीने दिलेले असतात. ते चुकीचे नाहीत. पण बाजार समितीच्या आवारात त्यांतला एकही चालत नाही. देह नश्वर असतो, सुख क्षणभंगुर असते. मेथीची जुडी मात्र नाशवंतच असते. संतवाङ्मयात ‘नाशिवंत’ हे देहाचे आणि धनाचे विशेषण होते. तोच शब्द आज पालक, टोमॅटो, द्राक्षे, फुले यांच्या भाड्याच्या पावत्यांवर वावरतो. एका शब्दाची ही दोन आयुष्ये नीट पाहिली, की या अभ्यासाचे दार उघडते.

आरंभीच एक भेद ध्यानात घ्यावा. ‘नाशवंत’ हा शब्द वस्तू चांगली असतानाच वापरतात. 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून बिहारमधील दानापूरकडे पहिली किसान रेल निघाली, ती नाशवंत शेतमालासाठी. माल नासू नये म्हणूनच ती धावली. एकदा नासला की त्याला कोणी नाशवंत म्हणत नाही. तिथून पुढे क्रियापदांचे राज्य सुरू होते, आणि मराठीचे खरे वैभव तिथेच आहे.

दूध नासते. वरण विटते. भात आंबतो. शेंगदाणे आणि सुके खोबरे खवट होते. पावसाळ्यात डब्यातला चिवडा सादळतो. रव्याला जाळी धरते, डाळीत पोरकिडे होतात, भाकरीला बुरशी येते, उरलेल्या भाजीला तार सुटते. यांतला एक शब्द उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा : ‘शेंगदाणे विटले’ किंवा ‘चिवडा नासला’ म्हटले, तर घरातली कोणतीही बाई लगेच दुरुस्त करील. प्रत्येक शब्दामागे एक वेगळी घटना आहे. दुधातील जिवाणूंनी आम्ल वाढवले की केसीन हे प्रथिन गोळा होऊन पाणी सुटते, हे नासणे. तेलकट पदार्थातील स्निग्धांशाचा हवेशी संयोग होऊन वास बदलतो, हा खवटपणा. सादळलेल्या चिवड्यात तर नासण्यासारखे काही घडलेलेच नसते, तो केवळ दमट झालेला असतो. कढईत मंद आचेवर परतला की पुन्हा कुरकुरीत होतो. पुढे काय करायचे, तेही शब्दच सांगतो.

‘सडणे’ आणि ‘कुजणे’ या जोडीकडे मी वाचकाचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. कृषी सल्ल्यात नेहमी ‘चांगले कुजलेले शेणखत’ असे लिहिलेले असते. ‘चांगले सडलेले’ असे कोणी लिहीत नाही. कुजण्यातून माती घडते, सडण्यात नुकसान होते. निसर्गाची क्रिया बरीचशी सारखीच, पण बोलणाऱ्याचा निवाडा वेगळा. ‘आंबणे’ तर दोन्हीकडे चालते : इडलीचे पीठ आंबले की समाधान, भात आंबला की हळहळ. म्हणून अर्थ लिहिताना क्रियेबरोबर हा निवाडाही नोंदवावा लागतो, आणि आपले पर्यायकोश नेमके इथेच अपुरे पडतात.

‘शिळे’ हा शब्द या कुळात सरसकट घालू नये. शिळी भाकरी खाण्याजोगीच असते. श्रावणातल्या शिळासप्तमीला तर आदल्या दिवशीचेच अन्न खातात. लासलगावच्या बाजारातला कांदाही असाच काठावरचा. खरिपाचा कांदा लवकर सडतो, उन्हाळी कांदा चाळीत काही महिने टिकतो. तरी दोन्ही नाशवंतच म्हणवतात. हापूसमधला ‘साका’ त्याहून चकवणारा : साल सुरेख, वास सुरेख आणि कापल्यावर आत पांढुरका, आंबट, स्पंजासारखा गर. बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून या दोषाला स्वतंत्र नाव लागले.

अलीकडे या सगळ्यांच्या जागी ‘खराब’ बसू लागला आहे. दूध खराब, डाळ खराब, मोबाइलही खराब. हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि कधीच आपला झाला, त्याच्याशी माझे वैर नाही. पण त्याने काय बिघडले ते कळत नाही, याची मला खंत आहे.

साधनांपैकी दोन प्रथम हाती घ्यावीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (1831, सुधारित आवृत्ती 1857), आणि दाते-कर्वे आदींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (1932 ते 1938). दुसऱ्यात प्रादेशिक खुणा आहेत, त्या डोळ्यांआड करू नयेत. मात्र कोशावर थांबू नये. भाजीवाली, दूधवाला, किराणा दुकानदार, पापड-लोणच्यांचा घरगुती उद्योग चालवणाऱ्या बाया, यांना विचारावे. शब्द कानावर आला की चार गोष्टी टिपाव्यात : कोणत्या वस्तूविषयी बोलले गेले, कोणत्या भागात, ते कशावरून ओळखले – वास, रंग, चव की स्पर्श – आणि नंतर त्या वस्तूचे काय केले. ‘विटणे’ची नोंद करताना वरणाबरोबर लुगड्याचा विटलेला रंग आणि विटलेले मनही त्याच कार्डावर घ्यावे, यांतला मूळ अर्थ कोणता, यावर पहिल्या प्रकरणात चर्चा आहे.