खाली दुकान, वर बिऱ्हाड

शहराच्या इतिहासाची साधने म्हटली म्हणजे राजवाडे, तटबंद्या आणि दफ्तरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. रस्त्यालगतचे दुकान आणि त्यावरचे बिऱ्हाड यांना तो मान कोणी देत नाही. पण मोक्याच्या वस्तीतील अशी एखादी इमारत विकावयास निघते, तेव्हा नेमके काय विकले जाते? हा प्रश्न नीट विचारला तर शहराचे पुष्कळसे मर्म हाती लागते, असे आम्हांस वाटते. त्यासाठी आम्ही न्यूयॉर्कमधील एक घर निवडले आहे.

हे घर ग्रेनिच व्हिलेज या जुन्या वस्तीच्या पश्चिम भागात, हडसन स्ट्रीटवर, ५५५ क्रमांकाचे. तीन मजली, अरुंद, एकोणिसाव्या शतकातले. तळमजल्यावर गोळ्या-चॉकलेटांचे दुकान आणि वर राहण्याची जागा. रॉबर्ट जेकब्ज हे वास्तुशिल्पज्ञ आणि त्यांच्या पत्नी जेन यांनी १९४७ साली ते ७,००० डॉलरांना विकत घेतले. त्या काळी मध्यमवर्गीय कुटुंबे उपनगरांतील अंगणाच्या घरांकडे धाव घेत होती. गावातल्या जुन्या, मिसळीच्या वस्तीत पैसा घालणे हे व्यवहारी माणसाचे लक्षण समजले जात नव्हते.

नगररचनाकारांचे मतही असेच होते. राहण्याची जागा वेगळी, धंद्याची वेगळी, कारखान्याची वेगळी, असे शहराचे कप्पे पाडावेत. जेथे ते एकमेकांत मिसळले असतील ती वस्ती बिघडलेली समजावी, असा त्या शास्त्राचा दंडक होता. जेकब्जबाईंनी या दंडकाविरुद्ध १९६१ साली ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यातला बराचसा पुरावा आपल्या रस्त्यावरूनच गोळा केला. परगावचा मित्र येणार असला तर घराची किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवावयाची, असा तेथे परिपाठ होता. एकदा एक पुरुष आठ-नऊ वर्षांच्या मुलीला ओढून नेऊ पाहत होता. बाईंनी खिडकीतून पाहिले, तो खाटकाच्या दुकानातून बाई बाहेर आली, फळवाला आला, कुलूपवाला आला, धोबी आला. वरच्या खिडक्या उघडल्या. न बोलता त्या पुरुषाभोवती कडे पडले. पुढे कळले की तो त्या मुलीचा बापच होता! पण तो बाप नसता तर? दिवसभर दुकानदार आणि सकाळ-संध्याकाळ रहिवासी, अशी पाळत ज्या रस्त्यावर आहे, तेथे शिपाई नसला तरी चालते, हे बाईंचे प्रतिपादन होते.

योगायोग असा की, त्याच १९६१ साली नगरपालिकेने वेस्ट व्हिलेजमधील चौदा चौकांचा भाग गलिच्छ वस्ती ठरवून नवरचनेसाठी हाती घेण्याचे योजिले. बाईंचे घर त्यातच येत होते. दुकानदार आणि भाडेकरू एकत्र आले, सभा झाल्या, कज्जे झाले आणि १९६२ साली ती योजना मागे घ्यावी लागली. रहिवाशांनी मग एकालाही न उठविता बांधावयाच्या घरांचा आपला स्वतःचा आराखडा पुढे केला. त्यातून ४२ लहान इमारतींची ४२० घरे सत्तरीच्या दशकात उभी राहिली. १९६९ साली ग्रेनिच व्हिलेजच्या मोठ्या भागास ऐतिहासिक वस्ती म्हणून संरक्षण मिळाले. जेकब्ज कुटुंब मात्र १९६८ सालीच कॅनडात टोरोंटोस गेले होते. व्हिएतनामच्या युद्धात मुलांची भरती होऊ नये, हे त्याचे कारण.

लढाई जिंकली, वस्ती वाचली. पुढे काय झाले? २००९ साली ते घर पुन्हा विकले गेले, ते ३३ लाख डॉलरांच्या आसपास. बासष्ट वर्षांत अमेरिकेतील महागाई सुमारे साडेनऊ पट झाली. घराची किंमत पावणेपाचशे पटींच्या घरात गेली. हा फरक विटांनी निर्माण केला काय? विटा तर जुन्याच होत्या. ती किंमत फळवाल्याने, कुलूपवाल्याने, किल्ली सांभाळणाऱ्या दुकानदाराने आणि खिडकीतून पाहणाऱ्या शेजाऱ्यांनी वाढविली. खरेदीखतावर त्यांची नावे नसतात. आणि वस्तीस असा भाव आला की फळवाल्याला तेथे दुकानाचे भाडे परवडत नाही. बाईंना हे दिसत नव्हते असे नाही. यशस्वी झालेली विविध वस्ती आपल्या यशानेच विविधता गमावते, असे एक स्वतंत्र प्रकरण त्यांच्या ग्रंथात आहे.

येथे आम्हांस गिरगाव-काळबादेवी आठवल्याखेरीज राहत नाही. जेकब्ज दांपत्याने घर घेतले त्याच १९४७ साली मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा झाला. त्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरले आणि बिऱ्हाडाबरोबर दुकानालाही संरक्षण दिले. न्यूयॉर्कमध्ये अनेक घरभाड्यांवर नियंत्रण आहे, दुकानांच्या भाड्यांवर आज नाही. म्हणून तेथे इमारत चकचकीत राहिली आणि दुकानदार गेला. आमच्याकडे दुकानदार राहिला आणि जिन्याला टेकू लागले. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात गिलावाही होईना, आणि भाडेकरू मात्र ती जागा सोडण्याची पागडी हजारांनी मोजून घेऊ लागला. भाडे असे गोठवून ठेवणे अवाजवी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. १९९९ च्या नव्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढ दिली आणि पागडीच्या व्यवहारासही मान्यता दिली. तोवर गिरगावातील कितीतरी कुटुंबे डोंबिवली-बोरिवलीस गेली होती.

दोन्ही शहरांनी एकाच प्रश्नाचे अर्धे-अर्धे उत्तर काढले, असे आमचे मत आहे. एकाने भिंती राखल्या, दुसऱ्याने माणसे. वस्तीने निर्माण केलेल्या किमतीतला रास्त वाटा मालकाला दुरुस्तीसाठी आणि दुकानदार-रहिवाशांना तेथेच राहण्यासाठी मिळेल, अशी व्यवस्था त्या ४२० घरांच्या आराखड्यासारखी रहिवाशांनाच पुढाकार घेऊन मागावी लागेल. इमारतीचा सौदा दोघांत होतो. त्याचा परिणाम सबंध रस्ता भोगतो. म्हणून आपल्या पेठेत अशी इमारत विकावयास निघाली, तर किंमत किती आली याबरोबरच खालचा दुकानदार आणि वरचे बिऱ्हाड कोठे जाणार, हेही आपण विचारले पाहिजे.