चुंबकाची कसोटी : धातूंची नावे आणि टर्बोचा मॅनिफोल्ड

जुन्या डिझेल इंजिनाला बाहेरून टर्बोचार्जर जोडावयाचा झाल्यास पहिली अडचण मालाची येते. सिलिंडरांतून निघणारा जळका वायू एकत्र करून टर्बोच्या चक्राकडे नेणारा जो भाग, ज्याला दुकानात मॅनिफोल्ड म्हणतात, तो अशा इंजिनासाठी सहसा तयार मिळत नाही. हातानेच घडवावा लागतो. तो कशाचा करावयाचा? परभणी, सेलू, गंगाखेडकडील कारागिरापुढे ह्या प्रश्नाची उत्तरे तीन शब्दांत उभी असतात : बीड, पाइप आणि स्टील. ह्या शब्दांचा इतिहास मालाच्या निवडीला कसे वळण लावतो, एवढेच प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस अभियंत्याने टर्बोच्या कल्पनेचे एकस्व 1905 मध्ये घेतले. वाया जाणाऱ्या वायूच्या जोरावर इंजिनात अधिक हवा कोंबावयाची, हे तिचे सार. हा वायू पूर्ण भाराखाली डिझेल इंजिनात साधारणपणे 500 ते 700 अंश सेल्सिअस, तर पेट्रोल इंजिनात 900 अंशांच्याही वर तापतो. शिवाय टर्बोचे वजन त्याच तापलेल्या नळ्यांनी पेलावयाचे असते.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. शेजारच्या बीड शहराच्या नावाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. पण केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. गुजरातीतही हाच शब्द ह्याच अर्थी आढळतो, हे ध्यानात घेतलेले बरे. कारखान्यातले मॅनिफोल्ड बहुधा ओतीवच असतात, कारण बीड उष्णतेत आकार बऱ्यापैकी धरून ठेवते. परंतु ओतण्यासाठी साचा आणि भट्टी हवी. तडकलेल्या बिडाला टाके घालणे ही स्वतंत्र विद्या आहे. तुकडे जोडून बिडाचा नवा मॅनिफोल्ड उभा करणे जवळजवळ अशक्यच.

पोलादाचा इतिहास अधिक मनोवेधक आहे. मराठीत त्याला 'तिखे' असा जुना शब्द आहे. तो संस्कृत 'तीक्ष्ण'वरून आला. रसरत्नसमुच्चय ह्या ग्रंथात लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत कांत श्रेष्ठ, आणि त्याचे भेद पाडले आहेत ते मुख्यतः आकर्षणशक्तीवरून. 'पोलाद' हा शब्द फारसीतला. गंगाखेडवरून जाणारी गोदावरी पुढे ज्या निजामाबाद जिल्ह्याला लागते, तेथील कोनसमुद्रम येथे मुशीत पोलाद तयार होई आणि ते नेण्यास इराणी व्यापारी येत, ही गोष्ट हेन्री व्हॉयसीच्या एकोणिसाव्या शतकातील लेखनावरून ज्ञात आहे. शब्दही त्याच मार्गाने आला असे म्हणावयास मात्र निराळा पुरावा लागेल.

'स्टील'ची वाट ह्याहून वेगळी. इंग्रजीत तो पोलादाचा सर्वसामान्य वाचक. मराठी घरात मात्र तो भांड्यांबरोबर शिरला आणि त्याचा अर्थ 'न गंजणारे' एवढाच उरला. भांड्यांबरोबर त्यांची परीक्षाही आली : चुंबक चिकटला तर माल हलका, न चिकटला तर अस्सल. कांतलोहाचे श्रेष्ठत्व ज्या गुणावर ठरे, तोच गुण आता भेसळीची खूण झाला!

स्वयंपाकघरात ही परीक्षा फारशी नडत नाही. मॅनिफोल्डच्या बाबतीत ती नडते. निकेल कमी करून मँगनीज वाढविलेले 202, नेहमीचे 304 आणि टायटॅनियम घातलेले 321 ह्या तिन्हींना चुंबक चिकटत नाही, म्हणून तिन्ही 'अस्सल' ठरतात. वस्तुतः ह्या कामाला योग्य ते 321. साधे 304 साधारण 450 ते 850 अंशांत दीर्घकाळ राहिले, तर त्यातील क्रोमियम कणांच्या सीमांवर कार्बनशी बांधले जाते आणि जोडाजवळचा भाग दुबळा होतो. टायटॅनियम हा कार्बन आधीच अडकवून ठेवते. उलट 409 ह्या जातीत क्रोमियम सुमारे 11 टक्के असते; ती मोटारींच्या धूरनळ्यांसाठी सर्रास वापरली जाते; पण तिला चुंबक चिकटतो, म्हणून ती 'भेसळ' म्हणून बाजूला पडते. दोष कारागिराच्या बुद्धीचा नव्हे. एका शब्दाबरोबर आलेली कसोटी भलत्या ठिकाणी लावली गेली, इतकेच.

राहिला पाइप. बोअरवेलीचा उरलेला जस्ताचा पाइप ह्या भागात सहज हाती लागतो, पण तो ह्या कामी कधीही घेऊ नये. जस्त 419 अंशांना वितळते, आणि वेल्डिंगच्या झोतात त्याचा जो धूर निघतो त्याने कारागिराला ताप भरतो. जाड भिंतीचा काळा पाइप मात्र डिझेलसाठी मुळीच वाईट नाही. साडेपाचशे अंशांच्या पुढे त्याला पापुद्रे सुटू लागतात हे खरे. तरी तो सहज जोडला जातो आणि स्टीलपेक्षा कमी वाढतो. चाळीस सेंटिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड 600 अंशांनी तापला, तर काळा पाइप सुमारे 2.9 मिलिमीटर वाढतो, 304 चार मिलिमीटरांहून अधिक. इंजिनाचे डोके पाण्याने थंड राहत असल्याने ते तेवढे वाढत नाही. मग बोल्ट तुटतात किंवा पट्टी वाकते. म्हणून प्रत्येक सिलिंडरापुढची पट्टी सुटी ठेवावी आणि बोल्टांची भोके किंचित लांबट करावीत, मग माल कोणताही असो.