मावी मर्मरा : एक छापा आणि चार अहवाल

गोव्यात 'नाकेबंदी' म्हटलं की जुन्या माणसांना १९५५ ते १९६१ हा काळ आठवतो. भारताने सीमेवरून माल बंद केला, आणि हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ, सिलोनचा चहा जहाजांतून येऊ लागला. पण ती आर्थिक नाकेबंदी होती, जमिनीवरची. समुद्र उघडा होता, म्हणून तर बटाटे आले! सागरी नाकेबंदी ही वेगळी चीज आहे. ती युद्धकायद्यातली गोष्ट. ती रीतसर जाहीर झाली की आरमाराला भर समुद्रात तिऱ्हाइताचं जहाजसुद्धा अडवता येतं. मागच्या बैठकीत २०१०च्या मावी मर्मरा प्रकरणावर आपल्यात जो वाद रंगला, त्यात हा फरक बाजूलाच राहिला. म्हणून हे टिपण.

आधी घटना. इस्रायलने गाझाच्या किनाऱ्याची सागरी नाकेबंदी ३ जानेवारी २००९ रोजी, तिथलं युद्ध चालू असताना जाहीर केली. जमिनीवरच्या वाटांवर कडक निर्बंध त्याआधीच, २००७पासून होते. मे २०१०मध्ये सहा जहाजांचा एक ताफा मदत घेऊन गाझाकडे निघाला. त्यातलं सर्वात मोठं जहाज मावी मर्मरा. तुर्की संस्थेने घेतलेलं, पण झेंडा कोमोरोस बेटांचा. त्यावर सहाशेच्या आसपास माणसं. ३१ मेच्या पहाटे, किनाऱ्यापासून सुमारे ७० सागरी मैलांवर, इस्रायली कमांडो आधी वेगवान बोटींतून आणि मग हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरले. काही प्रवासी लोखंडी कांबी, साखळ्या, काठ्या घेऊन सज्ज होते. तीन सैनिक प्रवाशांनी पकडून खाली नेले. गोळीबारात नऊ प्रवासी ठार झाले : आठ तुर्की नागरिक आणि एक तुर्की-अमेरिकी तरुण. दहावा जखमी चार वर्षं बेशुद्ध राहून २०१४मध्ये गेला. बाकीच्या पाच जहाजांवर कुणी मेलं नाही.

जगाची प्रतिक्रिया लगेच उमटली. सुरक्षा परिषदेची बैठक रात्रभर चालली आणि १ जूनला निवेदन निघालं. ज्या कृत्यांमुळे माणसं मेली त्यांचा निषेध त्यात होता, पण कृत्यं कुणाची हे लिहिलेलं नव्हतं. राजनैतिक भाषेची ही जुनी कसरत. भारतानेही जीवितहानीबद्दल तीव्र नाराजी नोंदवली. इजिप्तने रफाहची वाट उघडली. आणि २० जूनला इस्रायलने जमिनीवरचे निर्बंध सैल केले, सागरी नाकेबंदी मात्र तशीच ठेवली.

मग सुरू झाले अहवाल. इस्रायलच्या टर्केल आयोगाने जानेवारी २०११मध्ये नाकेबंदी कायदेशीर ठरवली. पुढच्याच महिन्यात तुर्कीच्या अहवालाने बेकायदा ठरवली. यात नवल काय? खरी गोम संयुक्त राष्ट्रांच्या दोन अहवालांत आहे. मानवाधिकार परिषदेच्या समितीने सप्टेंबर २०१०मध्ये म्हटलं की नाकेबंदी म्हणजे गाझाच्या लोकांना दिलेली सामूहिक शिक्षा, म्हणून बेकायदा, आणि म्हणून जहाज अडवणंही बेकायदा. न्यूझीलंडचे माजी पंतप्रधान जेफ्री पामर यांच्या मंडळाने सप्टेंबर २०११मध्ये म्हटलं की नाकेबंदी कायदेशीर, ताफ्याचं वागणं बेपर्वाईचं, पण वापरलेलं बळ अतिरेकी आणि असमर्थनीय.

एकाच संघटनेचे दोन उलटे निष्कर्ष कसे? बैठकीत कुणीतरी म्हणालं, 'राजकारण, दुसरं काय.' तेवढ्यावर मी थांबणार नाही. १८५६च्या पॅरिस जाहीरनाम्यापासून नियम असा की नाकेबंदी कागदावरची नको, प्रत्यक्ष राबवलेली हवी. १९९४च्या सान रेमो नियमावलीने त्यात भर घातली : लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी फार जास्त होत असेल, तर नाकेबंदी निषिद्ध. आता हानी मोजायची कुठून? परिषदेच्या समितीने जमीन आणि समुद्र एकत्र धरले. पामर मंडळाने समुद्र वेगळा काढला. गाझाला मोठं बंदरच नाही, तेव्हा समुद्र बंद केल्याने नागरिकांचं फारसं बिघडत नाही, असा त्यांचा युक्तिवाद.

मला तो पटत नाही. ज्याच्या जमिनीवरच्या वाटा बंद आहेत, त्याला समुद्राची किंमत बंदराच्या आकारावरून कशी ठरवणार? पण तो वेडगळही नाही. किनाऱ्यावर शस्त्रं उतरू न देणं हा हेतू खराच होता, आणि त्याआधी गाझातून इस्रायलवर हजारो रॉकेटं डागली गेली होती, हे पामर अहवाल सविस्तर सांगतो.

आपल्या वादात एक मुद्दा मात्र कुणी काढलाच नाही. कायदेशीरपणावर भांडणारे हे दोन अहवाल मृत्यूंवर बरेच जवळ येतात. पामर मंडळ म्हणतं, नाकेबंदीच्या क्षेत्रापासून इतक्या दूर, छाप्याच्या ऐनवेळी शेवटचा इशारा न देता उतरणं चूक होतं. मृतांपैकी बहुतेकांना अनेक गोळ्या लागल्या होत्या, काहींना पाठीत, काहींना अगदी जवळून, आणि त्याचा समाधानकारक खुलासा इस्रायलने दिला नाही. मंडळाला साक्षीदार बोलावण्याचे अधिकार नव्हते, दोन्ही सरकारांनी दिलं तेवढ्यावरच काम. प्रवाशांचे कॅमेरे, फोन आधीच जप्त झालेले. म्हणजे त्या पहाटेची जी चित्रफीत जगाने पाहिली, ती बरीचशी एका बाजूने निवडलेली होती. दस्तऐवजांवर इतिहास लिहिणाऱ्या आपण मंडळींनी याची नोंद घ्यायला हवी.

पामर अहवाल बाहेर येताच तुर्कीने इस्रायली राजदूताला परत पाठवलं. मार्च २०१३मध्ये नेतान्याहूंनी फोनवरून माफी मागितली, ओबामा शेजारी असताना. २०१६च्या करारात मृतांच्या कुटुंबांसाठी २ कोटी डॉलर ठरले. कोमोरोसने प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात नेलं. तिथल्या अभियोक्त्यांनी २०१४मध्ये सांगितलं की युद्धगुन्हे घडले असं मानायला आधार आहे, पण प्रकरण न्यायालयाने हाती घेण्याइतकं गंभीर नाही. न्यायाधीशांनी फेरविचार करायला लावला, तरी खटला उभा राहिला नाही. सागरी नाकेबंदी त्यानंतरही उठली नाही.